सीसीएनएनंतर पुढे काय, आणि पगार नेमका कशाने वाढतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं पायाभूत सर्टिफिकेट) होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून एनओसीत (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) शिफ्टमध्ये काम करताय, पगार जवळपास तिथेच आहे. आता सीसीएनपी (त्याच्या वरची पायरी) करावं, क्लाउडकडे जावं की सिक्युरिटी धरावी? आणि परीक्षेची फी स्वतः भरावी की कंपनी भरेल तोवर थांबावं? मी आधी सर्व्हिस प्रोव्हायडरकडे आणि नंतर मोठ्या एंटरप्राइज नेटवर्कांवर काम केलंय. नेटवर्क टीमसाठी माणसं निवडली आहेत, त्यांचे पगार ठरतात त्या बैठकांना बसलोय. उत्तर त्या अनुभवातून देतोय, म्हणून थोडं लांबेल.

सर्टिफिकेटमुळे पगार वाढतो असं लोक धरून चालतात, तेवढा तो वाढत नाही. पगार ठरवताना मॅनेजरसमोर खरा प्रश्न एकच असतो: चालू नेटवर्कवर या माणसाला एकट्याने काय करू देता येईल? एल-वनला (पहिल्या पायरीच्या इंजिनिअरला) अलार्म बघणं, तिकीट उघडणं, लिंक पडली असेल तर ती देणाऱ्या कंपनीच्या मागे लागणं आणि ठरलेल्या वेळेत सुटलं नाही तर वर पाठवणं, एवढंच करू देतात. बऱ्याच ठिकाणी कॉन्फिग मोडमध्ये जायचीही परवानगी नसते. एल-टूला ठरलेले बदल करू देतात: नवीन व्हीलॅन (स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क), अ‍ॅक्सेस लिस्टमधली (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला नाही, त्या नियमांच्या यादीतली) एखादी ओळ, शाखेतला राउटर बदलणं. एल-थ्रीकडे येतं ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं, आणि तिथे निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. त्याच्या वरचा आर्किटेक्ट जे ठरवतो ते पुढची अनेक वर्षं सगळ्यांना निभवावं लागतं. या पायऱ्यांमधला पगाराचा फरक ज्ञानापेक्षा चुकीच्या किमतीवर जास्त अवलंबून असतो.

ही किंमत किती असू शकते ते ४ ऑक्टोबर २०२१ ला सगळ्यांनी पाहिलं. फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीच्या कामात बॅकबोनची क्षमता तपासण्यासाठी एक कमांड दिली गेली आणि तिने डेटा सेंटरांना जोडणारा सगळा बॅकबोनच खाली आणला. अशी कमांड अडवण्यासाठी एक ऑडिट टूल होतं, पण त्यातल्या बगमुळे ती निसटली. बॅकबोनशी संपर्क तुटल्यावर डीएनएस सर्व्हरांनी (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) आपले बीजीपी रूट, म्हणजे बाकी इंटरनेटला ‘आमच्याकडे इथून या’ असं सांगणाऱ्या घोषणा, मागे घेतले, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सुमारे ६ तास जगाला दिसेनासे झाले. ही घटना मी नवीन लोकांना आवर्जून अभ्यासायला लावतो. कमांड देण्याआधी ‘ही चुकली तर कुठवर पोचेल, आणि तेव्हा परत आत शिरायला माझ्याकडे कोणता रस्ता उरेल’ हा विचार ज्याच्या अंगवळणी पडलाय, त्याला कंपन्या मनापासून पैसे देतात. कुठल्याही परीक्षेत हा प्रश्न थेट विचारत नाहीत.

मग सर्टिफिकेट कशाला? त्याचे खरे उपयोग आहेत, आणि ते ठाऊक असले की ते कुठे वापरायचं हेही कळतं. पहिला उपयोग सगळ्यांना माहीत आहे: अर्जांच्या ढिगातून तुमचा अर्ज पुढे सरकतो. दुसऱ्याकडे मात्र नवीन लोकांचं लक्ष जात नाही. सिस्को, ज्युनिपर, फोर्टिनेट, पालो आल्टो यांसारख्या कंपन्यांचं सामान विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या भागीदार कंपन्या असतात, त्यांना आपण इंटिग्रेटर म्हणतो. भागीदारीची वरची पायरी टिकवायची तर अमुक इतके सर्टिफाइड इंजिनिअर नोकरीवर असावे लागतात, आणि त्या पायरीवर त्यांना मिळणारी सवलत, म्हणजेच त्यांचा नफा अवलंबून असतो. त्यामुळे इंटिग्रेटरकडे तुमच्या सर्टिफिकेटला स्वतःची अशी किंमत असते. तेच सर्टिफिकेट घेऊन तुम्ही एखाद्या बँकेच्या किंवा कारखान्याच्या आयटी विभागात गेलात, तर तिथे ते फक्त बायोडेटातली एक ओळ असतं. म्हणून इंटिग्रेटरच्या मुलाखतीत सरळ विचारा, ‘माझं सर्टिफिकेट तुम्ही भागीदारीच्या मोजणीत धरणार का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पगाराच्या बोलणीत तुमच्या हातात एक पत्ता आहे, आणि तो वापरण्यात संकोच करू नका.

आता सीसीएनपी. २४ फेब्रुवारी २०२० पासून सिस्कोने सगळी रचना बदलली. सीसीएनएच्या वेगवेगळ्या शाखा जाऊन एकच २००-३०१ परीक्षा आली, आणि सीसीएनपी दोन पेपरांची झाली: एक कोअर आणि एक तुमच्या आवडीचा विषय. एंटरप्राइझसाठी कोअर पेपर म्हणजे एनकोर, ३५०-४०१. तो पास झालात की तुमचं सीसीएनए आपोआप पुढच्या ३ वर्षांसाठी नवं होतं, आणि सीसीआयई एंटरप्राइझच्या लॅबला, म्हणजे सीसीएनपीच्याही वरच्या सर्टिफिकेटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, बसायची पात्रताही त्याच पेपरातून मिळते. म्हणजे एका पेपरात तीन कामं. तुमचं सीसीएनए दोन वर्षांचं झालंय, मुदत ३ वर्षांची आहे, तेव्हा तसंही वर्षभरात काहीतरी करावंच लागणार. त्यामुळे एनकोर द्या, यात मला शंका नाही. दुसऱ्या पेपरासाठी एनार्सी, ३००-४१० निवडा, कारण त्यात राउटिंग आणि ते बिघडलं की दुरुस्त कसं करायचं यावर भर आहे, आणि एल-टूवरून एल-थ्रीकडे नेणारं कौशल्य तेच आहे. एसडी-वॅनचा (सॉफ्टवेअरने शाखा जोडण्याचा) पेपर आकर्षक वाटतो, पण त्याच्या खाली शेवटी बीजीपी, ओएसपीएफ (कंपनीच्या आतल्या राउटिंगचा प्रोटोकॉल) आणि आयपीसेक (एन्क्रिप्टेड टनेल) हेच असतं.

डम्पच्या, म्हणजे परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नोत्तरांच्या, वाटेला जाऊ नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट जातं, बंदी येते, हे आहेच. पण न पकडलं गेलेला माणूसही मुलाखतीत उघडा पडतो, तो असा. मी विचारतो, ‘ओएसपीएफचा शेजारी एक्सस्टार्टमध्ये अडकलाय, का?’ म्हणजे दोन राउटरांची जोडणी मधल्याच पायरीवर थांबलीय. डम्प वाचलेला लगेच म्हणतो, ‘एमटीयू (पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) जुळत नाही.’ उत्तर बरोबर आहे. मग मी विचारतो, ‘ते तुम्ही कशावरून ओळखलं? साधा पिंग तर जातोय.’ इथे शांतता. ज्याने हे स्वतः पाहिलंय तो सांगतो की साधा पिंग लहान असतो म्हणून जातो, पॅकेटचा आकार वाढवून आणि तुकडे न करण्याची खूण लावून पिंग केला की अडतो, मग दोन्ही टोकांची एमटीयू पाहिली, मग मधल्या लिंकवाल्याला विचारलं. दुसरा माझा आवडता प्रश्न: बीजीपी सेशन उभं आहे, रूट येतोय, पण राउटिंग टेबलमध्ये बसत नाही. नेक्स्ट-हॉपपर्यंत (पॅकेट ज्या पुढच्या राउटरकडे द्यायचं त्याच्यापर्यंत) पोचायचा रस्ता आहे का, हे तपासायचं ज्याला आपणहून सुचतं त्याला मी पुढचे सोपे प्रश्न विचारतच नाही. या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजेच दोन उमेदवारांच्या पगारातलं अंतर.

आता वाटा. सगळ्यांवर सारखं बोलणार नाही, कारण सगळ्या तुमच्यासाठी सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

इंटिग्रेटरकडे इम्प्लिमेंटेशनचं काम म्हणजे सतत नवीन ग्राहक, नवीन डिझाइन, रात्रीचे कटओव्हर (जुन्या नेटवर्कवरून नव्यावर जाणं) आणि प्रवास. थकवा येतो, पण एका जागी बसून दीर्घकाळात जे दिसतं ते इथे फार लवकर दिसतं. उत्पादक कंपनीच्या टॅकमध्ये, म्हणजे तांत्रिक मदत केंद्रात, दुसऱ्या प्रकारचं शिक्षण मिळतं. जगभरातली बिघडलेली नेटवर्क तुमच्यासमोर येतात, पॅकेट कॅप्चर आणि डीबग वाचण्यात हात बसतो. टॅकमधून आलेला उमेदवार दिसला की मी बायोडेटा बाजूला काढून ठेवतो. त्यांना डिझाइनचा सराव कमी असतो आणि रोजच्या केसच्या आकड्यांचा ताण असतो, म्हणून तिथे काही वर्षं काढून बाहेर पडणं बरं.

प्रीसेल्सचे, म्हणजे विक्रीआधी ग्राहकाला तांत्रिक बाजू समजावण्याच्या कामाचे, पगार ऐकून पुष्कळ जण भुलतात. तिथे पगाराचे दोन भाग असतात: निश्चित आणि विक्रीच्या उद्दिष्टावर अवलंबून असलेला. ऑफरमध्ये दाखवलेला आकडा दोन्हींची बेरीज असते आणि दुसरा भाग पूर्ण मिळेलच असं नाही. मागच्या वर्षी टीममधल्या किती जणांना तो पूर्ण मिळाला, हे विचारल्याशिवाय सही करू नका. ग्राहकासमोर उभं राहून त्याच्या अडचणीबद्दल बोलायला ज्याला मनापासून आवडतं त्याच्यासाठी हे फार चांगलं काम आहे. ज्याला फक्त आकडा आवडलाय तो दोन वर्षांत कंटाळतो, आणि तोपर्यंत कमांड लाइनवरचा हात गेलेला असतो.

सिक्युरिटीकडे जायचं असेल तर एक सावधगिरी. फायरवॉलवर तिकिटाप्रमाणे रूल टाकत राहणं हे बहुतेक ठिकाणी एल-टूचंच काम आहे, पगारही तेवढाच. पगार तेव्हा हलतो जेव्हा तुम्ही ‘हा रूल का हवाय, कोणाला हवाय, याऐवजी काय करता येईल’ असं विचारू शकता आणि नकार देण्याचा अधिकार तुमच्याकडे असतो. राउटिंग पक्कं असलेला माणूस फायरवॉलवर लवकर चमकतो, कारण फायरवॉलवर दोष टाकलेल्या तक्रारींतल्या कितीतरी प्रत्यक्षात असिमेट्रिक राउटिंगच्या निघतात: जायचा रस्ता एका फायरवॉलमधून, यायचा दुसऱ्यातून, आणि दुसऱ्याला ते सेशनच माहीत नाही म्हणून तो पॅकेट टाकून देतो.

क्लाउडबद्दल तुमच्या मनात भीती आहे ती अशी की नेटवर्कची कामंच संपतील. स्पॅनिंग ट्री (स्विचमधले लूप टाळणारी पद्धत) तिथे नाही, केबल नाही, हे खरं. पण मी पाहिलेल्या क्लाउड नेटवर्कच्या अडचणी फार ओळखीच्या होत्या. दोन टीमनी न विचारता एकच १०.०.०.०/१६ रेंज घेतली आणि नंतर दोन्ही व्हीपीसी (क्लाउडमधली खाजगी नेटवर्क) जोडायची वेळ आल्यावर पीअरिंग होईना. ऑफिस आणि क्लाउड यांच्यात व्हीपीएन आणि खास लिंक दोन्ही आहेत, आणि बीजीपी नको त्या रस्त्याने ट्रॅफिक नेतोय. टनेलच्या एमटीयूमुळे काही वेबसाइट उघडतात, काही लटकतात. ही कामं डेव्हलपरना नको असतात आणि बऱ्याच क्लाउड इंजिनिअरांना जमत नाहीत. राउटिंग येणाऱ्या माणसाने ॲमेझॉनची अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्किंग स्पेशालिटी किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-७०० केली तर ती जोडी दुर्मीळ ठरते. नुसती क्लाउडची परीक्षा, खाली नेटवर्कचा पाया नसताना, फार लोकांकडे आहे. म्हणून क्लाउड हवंच, पण क्रमाने दुसरं.

ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो विषय ऑटोमेशन. सीसीएनएच्या अभ्यासक्रमात त्याला १० टक्के वजन आहे, त्यामुळे लोक तो भाग वाचून सोडून देतात. प्रत्यक्षात आज एकाच अनुभवाच्या दोन नेटवर्क इंजिनिअरांच्या पगारात फरक पाडणारी गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी हीच सांगेन. याचा अर्थ सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं असा नाही. पायथनमध्ये नेटमिको या लायब्ररीने शंभर स्विचमध्ये लॉगिन करून इंटरफेसचे एरर गोळा करणं, अ‍ॅन्सिबलने सगळ्या राउटरवर एनटीपी (घड्याळं जुळवणारी) आणि लॉगिंगची सेटिंग एकसारखी करणं, कॉन्फिग गिटमध्ये ठेवणं म्हणजे कोणी कधी काय बदललं ते दिसतं, कुठल्या रॅकमध्ये काय आहे आणि कुठला आयपी कोणाला दिलाय हे एक्सेल शीटऐवजी नेटबॉक्ससारख्या ठिकाणी ठेवणं. एवढं ज्याला येतं आणि ज्याला बीजीपीही येतं, असा माणूस शोधताना मला महिनोन्महिने लागलेले आहेत. पायथन येणारे पुष्कळ भेटतात, राउटिंग येणारे पुष्कळ भेटतात, दोन्ही एकत्र क्वचित.

आणि तुमच्या जागेवरून याची सुरुवात करता येते, हे लक्षात घ्या. एनओसीत कॉन्फिग बदलायची परवानगी नसली तरी वाचायची मागता येते. बदलाच्या रात्री आधी आणि नंतर तपासायच्या गोष्टी असतात: किती शेजारी उभे होते, किती रूट होते, कुठले इंटरफेस चालू होते. बहुतेक टीममध्ये कोणीतरी हे हाताने कॉपी-पेस्ट करून डोळ्यांनी ताडून पाहतं. ही तुलना करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. ती फक्त वाचते, काही बदलत नाही, म्हणून कोणी अडवणार नाही. पण त्या निमित्ताने तुम्ही प्रत्येक बदलाच्या रात्री हजर असाल, आणि एल-थ्री लोक बदल कसा आखतात, कुठल्या क्षणी थांबतात, कधी रोलबॅक करतात हे जवळून पाहाल. शक्य तिथे मोठ्या बिघाडानंतरचा आरसीए (मूळ कारणाचा अहवाल) लिहायचं काम मागून घ्या. ते कोणालाच नको असतं, त्यामुळे मिळतं. घटनेचा क्रम मिनिटामिनिटाने लावताना नेटवर्क जितकं समजतं तितकं कुठल्याही कोर्समध्ये समजत नाही.

सरावासाठी स्वतःचं उपकरण विकत घ्यायची गरज नाही. संगणकावरच नेटवर्क उभं करून देणाऱ्या ईव्ह-एनजी, जीएनएस-थ्री किंवा कंटेनरलॅब यांपैकी काहीही चालेल. कंटेनरलॅबमध्ये एफआरआर हे मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही दहा-बारा राउटरांचं नेटवर्क उभं करतं. फक्त लॅब उभी करून थांबू नका. ती मोडा, मित्राकडून मोडून घ्या, आणि कारण शोधा.

डेटा सेंटरच्या टोकाला सध्या मोठी हालचाल आहे. ईव्हीपीएन-व्हीएक्सलॅनचं (डेटा सेंटरभर आभासी नेटवर्क पसरवण्याच्या पद्धतीचं) ज्ञान तिथे आता गृहीत धरतात. एआयच्या प्रशिक्षणासाठी हजारो जीपीयू जोडताना एक पॅकेट हरवलं की बाकीचे सगळे थांबून राहतात, म्हणून रॉकी-व्ही-टू (RoCEv2), पीएफसी, ईसीएन यांसारखे, पॅकेट हरवू न देण्याशी संबंधित विषय अचानक महत्त्वाचे झालेत. २०२३ मध्ये अल्ट्रा इथरनेट कन्सोर्टियम याच गरजेतून उभं राहिलं. पगार उत्तम आहेत, पण जागा मोजक्या कंपन्यांत आणि अनुभवी लोकांसाठी. पुढच्या तीन वर्षांत तिकडे डोळा ठेवा, आज उडी मारू नका. वायरलेस हा वेगळा, चांगला आणि कमी गर्दीचा रस्ता आहे, मोठे परिसर असलेल्या ग्राहकांकडे त्याची सतत गरज असते. मला त्याचा प्रत्यक्ष अनुभव थोडाच आहे, म्हणून तो फक्त नोंदवतो.

सीसीआयई करावं का, हेही लोक लगेच विचारतात. १९९३ पासून चालत आलेली ही परीक्षा आहे आणि तिची लॅब ८ तासांची असते: ३ तास डिझाइन, ५ तास उभारणी, चालवणं आणि सुधारणा. मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तयारीला नोकरी सांभाळून एक ते दोन वर्षांच्या संध्याकाळी आणि सुट्ट्या जातात, आणि मोबदला कुठे मिळतो ते आधी पाहा: इंटिग्रेटर, सल्लागार कंपन्या, सर्व्हिस प्रोव्हायडर. क्लाउडवरच चालणाऱ्या कंपनीत तोच वेळ ऑटोमेशनला दिला तर जास्त परतावा मिळतो. तुमच्या बाबतीत तो निर्णय एल-थ्रीवर एक-दोन वर्षं काम करून मगच घ्या, कारण तेव्हा लॅबमधला निम्मा अभ्यासक्रम रोजच्या कामातून आलेला असेल.

ऑफर तोलताना वरचा आकडा एकटा पाहू नका. ऑन-कॉल किती आठवड्यांतून एकदा येतो, आणि रात्री फोन आला तर त्याचे वेगळे पैसे किंवा बदली सुट्टी आहे का? शिफ्ट भत्ता मूळ पगारात धरून दाखवलाय का? कारण दिवसपाळीच्या चांगल्या कामावर गेलात की तो गळून पडतो आणि बढती मिळूनही हातात येणारी रक्कम घटते. एनओसीतले बरेच जण याच सापळ्यात अडकून वर्षानुवर्षं रात्रपाळी करत राहतात. एल-टूची जागा देताना पगारात थोडी घट दिसत असेल आणि त्या जागेवर चालू नेटवर्कवर बदल करायला मिळणार असतील, तर मी ती घट पत्करेन. शक्य असेल तर बदल्यात वर्षभराने आढावा घेण्याचं लेखी मागेन.

आणखी एक गोष्ट मुलाखतीत तुम्हीच विचारा: ‘पहिल्या सहा महिन्यांत मी कोणते बदल एकट्याने करेन?’ उत्तर गुळमुळीत आलं तर पदाचं नाव काहीही असो, काम एनओसीचंच आहे असं समजा.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो. पुढचे पाच-सहा महिने एनकोरचा अभ्यास आणि सोबत ती तपासणीची स्क्रिप्ट. पेपर झाला की मॅनेजरकडे एल-टूसाठी स्पष्ट मागणी, तारखेसह. तीन-चार महिन्यांत हालचाल नाही झाली तर बाहेर बघा, शक्यतो इंटिग्रेटरकडे, कारण तुमच्या सर्टिफिकेटचे पैसे तिथे सगळ्यात जास्त मिळतील. एनार्सी नवीन नोकरीत लागल्यावर द्या, त्यासाठी एनकोरनंतर ३ वर्षं हातात असतात. क्लाउडची परीक्षा त्यानंतर, आणि कोणता क्लाउड ते तुमच्या कंपनीत किंवा ग्राहकांकडे जो चालू असेल त्यावरून.

राहिला फीचा प्रश्न. कंपनी भरते तेव्हा बहुधा बॉण्ड असतो. त्यात दोन गोष्टी बघा: मुदत परीक्षेच्या तारखेपासून सुरू होते की निकालानंतर कंपनी ठरवेल तेव्हापासून, आणि सोडताना फक्त फी परत द्यायची की ‘प्रशिक्षणाचा खर्च’ म्हणून मोठी रक्कम. एनकोरची फी शक्य असेल तर स्वतः भरा, कारण तो पेपर झाल्यावर लगेच तुम्हाला बोलणी करायची आहेत आणि तेव्हा हात बांधलेले नसावेत. एनार्सीची नव्या कंपनीकडून घ्या, आणि ऑफर लेटर निघण्याआधीच ते मागा. रुजू झाल्यावर तीच गोष्ट मिळवायला बजेटच्या पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.